श्वाइट्झरनी वाजवलेला बाख: कुठली रेकॉर्डिंग घ्यायची, कुठली राहू द्यायची

अल्बर्ट श्वाइट्झर म्हटलं की गॅबनमधलं लांबारेने, तिथलं हॉस्पिटल आणि १९५२चं शांततेचं नोबेल आठवतं. त्या पुण्याईवर त्यांनी ऑर्गनवर वाजवलेल्या जर्मन संगीतकार बाखच्या रचनांनाही आपोआप पाच तारे मिळतात. ते बाजूला ठेवून ऐकलं तर काही रेकॉर्डिंग आजही कपाटात हवीत अशी आहेत आणि काही नुसती संग्राहकांसाठी.

आधी वाद्याबद्दल, कारण इथे घोटाळा होतो. आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन सुरांच्या पट्ट्यांचा. त्याचे पायटे फक्त भाता मारायला. चर्चचा ऑर्गन पाइपांचा, आणि त्यात पायाखाली वेगळा कीबोर्डच असतो. खर्जातली अख्खी चाल पायांनी वाजते. सोळा फुटी पाइपचा सगळ्यात खालचा स्वर साधारण ३३ हर्ट्झचा. फोनच्या स्पीकरला तो झेपत नाही, तेव्हा बरे हेडफोन किंवा मोठे स्पीकर नसतील तर हे रेकॉर्डिंग ऐकून मत बनवू नका.

मुख्य ऐवज तीन ठिकाणचा आहे: डिसेंबर १९३५, लंडन टॉवरजवळचं ऑल हॅलोज चर्च, ऑक्टोबर १९३६, स्ट्रासबुर्गचं सेंट ऑरेली, आणि १९५१-५२, अल्सासमधलं त्यांचं गाव ग्युन्सबाख.

एकच घ्यायचं तर स्ट्रासबुर्गचं घ्या. तिथला ऑर्गन आंद्रेआस झिल्बरमानने १७१८ साली बांधलेला. १९११मध्ये हेर्प्फर या ऑर्गन बांधणाऱ्याने श्वाइट्झरच्याच सल्ल्याने त्याची डागडुजी केली. कारखान्यात बनलेल्या, जास्त दाबाच्या हवेवर गर्जणाऱ्या ऑर्गनविरुद्ध त्यांनी १९०६मध्ये पुस्तिका लिहिली होती. त्यांना नेमकं काय हवं होतं ते इथे कानाला कळतं: एकाच वेळी चालणाऱ्या चारही ओळी सुट्या, एक दुसरीला झाकत नाही. कोराल प्रिल्यूड हा प्रकारही त्यांच्या हातचा. बाखने या रचना चर्चगीतांच्या चालींवर बांधल्या आहेत. श्वाइट्झरचे ऑर्गनचे गुरू विदोर यांना त्यातली काही वळणं अनाकलनीय वाटायची. श्वाइट्झरनी त्यांना गीतांचे शब्द समजावले, आणि त्यातूनच १९०५चा बाखवरचा फ्रेंच ग्रंथ उभा राहिला. अभंगाचे शब्द ठाऊक नसताना नुसती चाल ऐकावी, तशी विदोर यांची गत झाली होती. ‘ओ मेन्श, बेवाइन’ (बी.डब्ल्यू.व्ही. ६२२, म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) लावा. नक्षीकाम केलेली वरची ओळ ते घाईने पळवत नाहीत, आणि शेवटाकडे जिथे सूर अनपेक्षितपणे सी-फ्लॅट मेजरमध्ये उतरतो तिथे लय अशी सैल सोडतात की तो एक कॉर्ड वेगळा कळतो. एवढ्या तीन-चार मात्रांसाठी पैसे वसूल.

लंडनचा संच दुसऱ्या नंबरचा. डी मायनर टोकाटा (मोकळा, झपाट्याचा तुकडा) आणि फ्यूग (एकच चाल एकामागून एक ओळी उचलतात ती रचना) (५६५) इथे आहे, पण तो आजच्या मानाने जड चालतो. ठेका विलंबित ठेवण्यामागे त्यांचं तत्त्व होतं: चर्चमध्ये घुमणाऱ्या आवाजात वेग वाढवला की मधल्या ओळींचा चिखल होतो. फ्यूगमध्ये हे पटतं, टोकाटात नाही. तिथली वीज गेलेली आहे. जी मायनर फँटसी आणि फ्यूग (५४२) मात्र भक्कम. या चर्चवर १९४०मध्ये बॉम्ब पडले आणि तो ऑर्गनही गेला, त्यामुळे त्याचा आवाज आता जुन्या रेकॉर्डिंगमध्येच उरलाय.

दोन्ही संच मुळात ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर. एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची, म्हणजे मोठी रचना मधेच तोडावी लागे. मेणावर थेट कोरलेलं, त्यामुळे चूक कापून काढायची सोय नाही. बाजू बिघडली की पुन्हा पहिल्यापासून. डिजिटल प्रत घेताना हे सांधे आधी तपासा. बाजू संपतानाचा घुमार कापून पुढची चिकटवली असेल तर धक्का बसतो. सांध्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा सूर जुळतो का तेही पाहा: ७८ऐवजी ७६ने फिरवलेली तबकडी जवळजवळ पाव स्वर उतरते. आणि खरखर अजिबात ऐकू येत नसेल तर ती प्रत नकोच. खरखर आणि ऑर्गनच्या उंच मिक्श्चर पाइपांची चमक एकाच पट्ट्यात असते. फिल्टर लावून एक काढली की दुसरीही जाते, आणि ऑर्गन ब्लँकेटखालून वाजल्यासारखा येतो.

ग्युन्सबाखच्या एलपी टेपवरून आलेल्या, सलग आणि स्वच्छ. ऑर्गन १९३२चा, त्यांच्याच कल्पनेनुसार हेर्प्फरने बांधलेला. पण वादक पंचाहत्तरी ओलांडलेला. बोटं मधूनच अडखळतात, लय आणखी खाली येते. बाखसाठी हा संच घेऊ नका. मेंडेल्सोन, विदोर, फ्रांक या संगीतकारांच्या रचनांसाठी घ्या. १९१३मध्ये ते आफ्रिकेला निघाले तेव्हा पॅरिसच्या बाख सोसायटीने त्यांना पायाच्या कीबोर्डसकट, उष्ण प्रदेशासाठी खास बांधलेला पियानो दिला होता. तो जस्ताचं अस्तर लावलेल्या पेटीतून तिकडे गेला. दुपारच्या सुट्टीत आणि रविवारी त्यावर त्यांनी याच मंडळींच्या रचना एकेक करून पाठ केल्या. पियानोचा सूर दाबल्यावर विरतो, ऑर्गनचा बोट उचलेपर्यंत टिकतो. अशा रियाजात बोट कधी सोडायचं याचा हिशोब मनातच ठेवावा लागतो. फ्रांकच्या लांबलचक वाक्यांत तो हिशोब अजून शाबूत आहे, बोटं थकली तरी.

क्रम असा ठेवा: आधी ६२२, मग ‘श्म्युक्के दिश’ हा कोराल प्रिल्यूड (६५४), मग ५४२. ५६५ने सुरुवात केलीत तर पुढचं ऐकणं राहून जाईल.