ड्रोनला गाळपेर दिसत नाही

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका छोट्या हॉलात दर महिन्याला माहितीपट दाखवतात. तिकीट १०० रुपये, चहा त्यातच. या वेळी दोन होते, एक कास पठारावर, एक कोयना धरणावर. मी २२ वर्षं सातारा-बामणोली एसटी चालवली, म्हणून मुलानंच तिकीट काढून दिलं.

आधी व्यवस्थेचं. खुर्च्या बऱ्या, पडदा झकास, पण स्पीकर फाटका. खाली मराठी अक्षरं होती म्हणून निभावलं.

कासचा माहितीपट म्हणजे तेरडा, सीतेची आसवं ही फुलं आणि ड्रोन. सगळं सप्टेंबरातलं. २०१२ चा जागतिक वारसा सांगितला, पठाराच्या तारेच्या कुंपणावरनं तज्ज्ञांची जुंपलेलीही दाखवली. पण एकीव, आटाळी, कुसुंबी या पठारावरच्या गावांची माणसं दिसतात ती शिट्ट्या मारून पर्यटकांना हाकताना तेवढी. त्यांची गुरं आधी कुठं चरायची, हे कुणी विचारलं नाही. आणि कास तलावाचं पाणी साताऱ्याला येतं, त्याचा एका शब्दानं उल्लेख नाही! ते पाणी पिणारे आम्ही हॉलात बसून दुसऱ्याचं भांडण बघितल्यासारखं बघत होतो.

कोयनेचा मात्र बघाच. १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, वीज, हे साहेब लोकांनी सांगून झाल्यावर कॅमेरा धरणाच्या पाण्याकाठच्या बामणोलीच्या धक्क्यावर येतो आणि हलतच नाही. एक म्हातारी लाँचची वाट बघतेय. तीन-चार मिनिटं काही घडत नाही. मागची पोरं चुळबुळली. मी नाही. माझ्या गाडीतनं उतरून अशीच माणसं बसायची. गाडीला उशीर झाला की लाँच चुकायची आणि शिव्या मला बसायच्या.

मग एकदम मे महिना. शिवसागर, म्हणजे धरणाचा जलाशय, उतरलेला, काठाला तांबडे पट्टे, पाणी हटलेल्या गाळात पेरलेल्या पिकाचं, गाळपेरीचं हिरवं, आणि खाली एका घराचं जोतं. म्हातारी त्यावर उभी राहून चूल कुठं होती ते काठीनं दाखवते. हीच जागा सुरुवातीला ड्रोननं निळीशार दाखवलेली. वरनं बघितलं की पाणीच दिसणार, दुसरं काय?

दोन गोष्टी खटकल्या. १९६७ च्या भूकंपाच्या फोटोंवर रडकं व्हायोलिन कशाला? आणि धरणामुळं सोलापूर, रायगडाकडं गेलेल्यांपर्यंत कॅमेरा पोचलाच नाही. आमची आत्या तिकडंच गेली.

पुढच्या महिन्यात चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवरचा आहे. जाणार. स्पीकरच्या जवळची खुर्ची धरायची, एवढंच.