एट्सीवर तान्ह्या पोळ्याचे बैल: ४८ लिस्टिंगच्या ४ कशा झाल्या

आमच्या घरी तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान लेकरांच्या पोळ्याचे, लाकडी बैल होतात. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आमचं गाव. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना या बैलांचं वेगळं वर्णन सांगायला नको. सुतारकाम मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि माझे यजमान करतात. रंगवणं, पॅकिंग आणि विक्री माझ्याकडे. एट्सी या हाताने केलेल्या वस्तूंच्या परदेशी ऑनलाइन बाजारात आमचं दुकान आहे, आणि त्याचा खर्च मी वहीत पै-पै लिहून ठेवते, म्हणून हे लिहायला बसले. आपल्या भागातले बरेच कारागीर या बाजाराबद्दल विचारतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, टाकायला किती लागतात?

एट्सीवर एक लिस्टिंग (विकायच्या वस्तूचं एक पान) टाकायला ०.२० डॉलर, म्हणजे २० सेंट लागतात. आपले साधारण १७-१८ रुपये. त्या पैशात ती लिस्टिंग चार महिने दुकानात राहते. माल विको न विको, चार महिने झाले की मुदत संपते आणि पुढे ठेवायची तर पुन्हा २० सेंट. ऐकायला हे काहीच नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

दुकान उघडून द्यायला आम्ही तालुक्याच्या ठिकाणचा ऑनलाइन कामं करणारा एक मुलगा धरला. दर लिस्टिंगमागे ३० रुपये त्याची मजुरी. आमचे बैल चार प्रकारचे: चाकांवरचा, बिनचाकाचा, जोडी आणि गाडीला जुंपलेला. प्रत्येकाची मापं तीन: ६, ९ आणि १२ इंच. रंग चार, पांढरा, लाल, काळा आणि नुसतं पॉलिश. त्याने प्रत्येक मापाची आणि प्रत्येक रंगाची वेगळी लिस्टिंग केली. एकूण ४८. वर सगळ्यांना ऑटो-रिन्यू लावून ठेवलं, म्हणजे मुदत संपली की आपोआप पैसे कापून पुढचे चार महिने सुरू. मार्चमध्ये टाकलेल्या लिस्टिंग जुलैत रिन्यू झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा. एका वेळेला ९.६० डॉलर, साधारण ८३५ रुपये. असे तीन वेळा. त्याची मजुरी १,४४० रुपये धरली तर चार हजारांच्या आसपास गेले, आणि त्या हंगामात विकले गेले फक्त ९ बैल.

नोव्हेंबरचं बिल मी मोबाईलवर मामाजींना वाचून दाखवलं. ते अंगणात पटाशीला धार लावत होते. हात न थांबवता म्हणाले, "बैल त एकच हाय व बाई, त्याले बारा दुकानं कायले मांडले?"

तिथून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, जितक्या जास्त लिस्टिंग तितकं दुकान जास्त दिसते. त्याचं म्हणणं अगदीच चूक नसेल, पण आमच्यासारख्या मालाला ते लागू होत नाही. एट्सीवर एकाच लिस्टिंगमध्ये दोन गोष्टींचे पर्याय देता येतात. आम्ही माप आणि रंग दिले. प्रत्येक मापाची किंमत वेगळी ठेवता येते, रंगाला त्याचा फोटो जोडता येतो. बारा बैल एका पाटीवर मांडले तरी भाडं एकाच पाटीचं.

आता हे करताना मी नवीन लिस्टिंग केल्या नाहीत, कारण नव्या लिस्टिंगला पुन्हा २० सेंट. जुन्या लिस्टिंगमध्ये बदल करायला मात्र पैसे लागत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रकारातली जी लिस्टिंग लोकांनी सगळ्यांत जास्त पसंत करून ठेवली होती तीच धरली, तिच्यात मापं आणि रंग भरले. उरलेल्या ४४ चं ऑटो-रिन्यू काढून टाकलं. त्या लगेच बंद केल्या नाहीत. पैसे आधीच गेलेले असतात, बंद केल्याने परत मिळत नाहीत, तर मुदत संपेपर्यंत पडू दिल्या. चार लिस्टिंगचा खर्च आता चार महिन्यांना ०.८० डॉलर, म्हणजे ७० रुपये. दुसरा फायदा असा झाला की गिऱ्हाइकांचे अभिप्राय आधी इकडेतिकडे विखुरलेले असत, ते एका ठिकाणी जमा होऊ लागले.

मग हंगामाचं गणित बसवलं, आणि माझ्या मते पोळा, दिवाळी, संक्रांत अशा सणाचा माल विकणाऱ्याने हे तर करायलाच पाहिजे. पोळा श्रावणातल्या अमावस्येला, तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी. ऑगस्ट नाहीतर सप्टेंबर. परदेशातली आईबापं लेकरांसाठी बैल मागवतात ते जून-जुलैमध्ये, कारण पार्सल पोचायला वेळ लागतो. मार्चमध्ये टाकलेली लिस्टिंग नेमकी जुलैत, ऐन मागणीच्या दिवसांत संपते आणि पुन्हा पैसे मागते. मे महिन्याच्या मध्याला टाकली तर ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. एका फीमध्ये अख्खा हंगाम. सप्टेंबरनंतर आम्ही तिन्ही बैल बंद होऊ देतो आणि फक्त जोडी वर्षभर ठेवतो, कारण ती घरात शोभेला म्हणूनही जाते.

एक खर्च मात्र कुणी सांगत नाही. नग विकला गेला आणि मागे शिल्लक माल असला की लिस्टिंग पुन्हा २० सेंट घेऊन रिन्यू होते. एकाच गिऱ्हाइकाने एका वेळी दोन नग घेतले तर दुसऱ्या नगाचेही २० सेंट. म्हणून दोन बैल हवे असणाऱ्याला आम्ही एक-एक बैल दोनदा घ्यायला लावत नाही, जोडी हा एकच नग आहे. छोट्या स्वस्त वस्तूला हे २० सेंट फार जड जातात. शिंगाला बांधायचे गोंडे मी आधी वेगळे विकायला ठेवले होते, ते काढून बैलासोबतच द्यायला लागले.

खरी मोठी कात्री पुढे आहे. विक्रीवर एट्सीचे ६.५ टक्के; एप्रिल २०२२ च्या आधी ५ होते. ते टपालखर्चावरही लागतात. जोडी ३८ डॉलरची, पाठवणावळ २२, मिळून ६०, तर ३.९० डॉलर गेले. पैसे वळते करण्याचा आकार त्याच्यावर वेगळा. आणि ऑफसाइट अ‍ॅड्स नावाची एक सोय आहे. एट्सी तुमच्या मालाची जाहिरात बाहेर करते, कुणी त्यावर क्लिक करून तीस दिवसांत तुमच्याकडून घेतलं तर १५ टक्के कापते. साठावर नऊ डॉलर! वर्षाला १०,००० डॉलरपेक्षा कमी विक्री असेल तर सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येतं. मी बंद केलं आहे. नवीन दुकान उघडणाऱ्याने पहिल्याच दिवशी ते सेटिंग उघडून बघावं, लिस्टिंगचे २० सेंट वाचवण्याच्या आधी.

टपालखर्च कमी झाला की ६.५ टक्केही कमी, म्हणून यजमानांनी बैलाची घडणच बदलली. पूर्वी शिंगं डिंकाने पक्की बसवत. आता भोकात घट्ट बसतील अशी कापतात, चाकं खुंटीवर. चारही चाकं आणि दोन्ही शिंगं काढून बैलाच्या पोटाखाली कापडात गुंडाळली की खोका निम्म्याहून लहान होतो, आणि शिंग मोडल्याची तक्रारही येत नाही. पार्सलवाले बरेचदा वजन नाही, खोक्याचं आकारमान धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. आमचा आधीचा खोका ३० × २० × २० होता, म्हणजे २.४ किलो. आताचा २५ × १५ × १२, म्हणजे ०.९ किलो. आत बैल तोच.

देशातल्या बाजारांबद्दल थोडक्यात. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांच्यावर लिस्टिंग टाकायला पैसे लागत नाहीत; खर्च विकल्यावर येतो, कुठे कमिशन, कुठे पोचवणावळ आणि परत आलेला माल. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नंबर नसलेल्या लहान विक्रेत्यालाही नुसता नोंदणी क्रमांक घेऊन अशा बाजारात विकता येतं, पण फक्त आपल्या राज्यात. माझ्या जाऊबाई तसं पोळपाट-लाटणं विकतात. त्यांचा माल मुंबईला जातो, पण पांढुर्णा, सौंसरला जात नाही. तिथे पोळा आपल्यासारखाच होतो, मराठी बोलतात, आमचे सोयरे आहेत, पण ते मध्य प्रदेशात. आम्हाला परदेशात पाठवायचं म्हणून आयईसी (आयात-निर्यातीसाठीचा सरकारी क्रमांक) आणि जीएसटी दोन्ही काढावे लागले. आयईसीची सरकारी फी ५०० रुपये.

हाताने केलेली, नेमक्या गिऱ्हाइकाची वस्तू असेल तर एट्सी मी नक्की सुचवेन. पन्नास-शंभर रुपयांच्या मालाला नाही. आणि लिस्टिंग स्वतः करा. फोटो दिवसाउजेडी ओसरीत काढा, १३ टॅग (गिऱ्हाइक ज्या शब्दांनी शोधतं ते) देता येतात ते सगळे भरा, ते फुकट आहेत. एका दुपारचं काम आहे. मी इंग्रजी बारावीपर्यंतच शिकले, तरी जमलं.

मागच्या हंगामात ३१ बैल गेले. यंदा मेपासून जोडी धरून तीनच लिस्टिंग सुरू असतील. गाडीची चाकं मामाजींच्या हातची असतात, आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याशिवाय ती लिस्टिंग उघडायची नाही असं घरात ठरलं आहे.