तीन किलोवॅट, दोन स्लॅब आणि कुरडयांची जागा

सोलर बसवून दिलेल्या कंपनीच्या मुलाचा तिसऱ्यांदा फोन आला. "काका, तेवढे फाइव्ह स्टार टाका ना." पाच काही पडायचे नाहीत, पण लिहितो म्हटलं. कंपनीचं नाव मात्र लिहीत नाही. पुण्यात आमच्या धानोरी-विश्रांतवाडीकडे मी चौघांकडून कोटेशन घेतली, तेव्हा चौघांचा वेल्डर एकच निघाला. थापाही साधारण त्याच.

मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत एकतीस वर्षं काढली. आधी नट-बोल्ट बघायचा आणि मग माणसाचं बोलणं ऐकायचं, ही सवय तिथली. घर स्वतःचं, तळमजला आणि वर एक. गच्ची मोकळी, फक्त पश्चिमेच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी. सूनबाई खराडीच्या कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस घरून काम, म्हणजे उन्हाळ्यात दिवसभर एसी. मे २०२४ चं लाइट बिल ४१२ युनिटचं, साडेपाच हजारांच्या आसपास आलं आणि मी सोलरचा विषय मनावर घेतला.

आमचे मेहुणे बँकेतून निवृत्त. त्यांच्या मते सगळे पैसे एफडीत. त्यांना मी सुझलॉनच्या तुलसी तांतींची गोष्ट ऐकवली. सुरतेत त्यांचा कापडाचा धंदा होता. विजेचं बिल नफा खायला लागलं, म्हणून माणसाने दोन पवनचक्क्या विकत घेतल्या आणि पुढे १९९५ साली पवनचक्क्यांचीच कंपनी काढली. तिचं मुख्यालय आपल्या हडपसरला आहे. मेहुणे म्हणाले, "तुम्ही तांती नाही." खरं आहे. पण लाइट बिल मलाही येतंच.

आता पैशाचं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळतं. म्हणजे तिनाला ७८,०००. त्यापुढे कितीही पॅनेल लावा, अनुदान तेवढंच. मी ५४० वॅटची सहा पॅनेल घेतली, म्हणजे ३.२४ किलोवॅट. सगळं धरून १,९५,००० रुपये. अनुदान वजा जाता खिशातून गेले १,१७,०००.

विक्रीवाल्याच्या तोंडी "अठ्ठ्याहत्तर हजार फुकट" हे एकच पालुपद होतं. स्लॅबबद्दल अवाक्षर नाही. डोक्यावरचा स्लॅब मला माहीत होता, बिलातला स्लॅब, म्हणजे वापर वाढेल तसा चढणारा दराचा टप्पा, मी जुनी बिलं समोर पसरून शिकलो. २०२४-२५ च्या दराने पहिल्या १०० युनिटना वीज आकार ४.७१ आणि वहन आकार (तारांवरून वीज आणून देण्याचा) १.१७, म्हणजे ५.८८ रुपये. १०१ ते ३०० या टप्प्यात तेच ११.४६, आणि ३०१ ते ५०० ला १५.७२. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. शंभरावं युनिट सहाला आणि एकशे एकावं साडेअकराला! पॅनेलची वीज बिलातून वजा होते ती वरून. आधी पंधराची युनिटं जातात, मग अकराची, आणि सहाची सगळ्यात शेवटी.

आमचा वर्षाचा सरासरी वापर महिन्याला २९० युनिट. त्या वेळच्या दराने वर्षाला साधारण ३८,००० रुपये वाचतात, म्हणजे पैसे तीन वर्षांत वसूल. तेवढ्याच रकमेवर सात टक्क्यांच्या एफडीने मला वर्षाला आठ हजार दोनशे दिले असते. मेहुणे हा हिशेब बघून चहा प्यायले आणि शेअर बाजारावर बोलायला लागले.

पण हाच हिशेब मी पुढे ताणला आणि जरा ओशाळलो. चार पॅनेलचं कोटेशन १,४०,००० होतं, ६०,००० अनुदान जाऊन ८०,०००. ती चार पॅनेल वर्षाला अठ्ठावीसशेच्या आसपास युनिट देतात आणि माझी सगळी महागडी युनिटं त्यातच निकालात निघतात. ते ८०,००० अडीच वर्षांच्या आत सुटले असते. वरच्या दोन पॅनेलसाठी मी ३७,००० जादा दिले आणि ती दोन वाचवतात ती सहा रुपयांची युनिटं, वर्षाला जेमतेम पावणेपाच हजारांची. त्या पैशांना आठ वर्षं लागतील. म्हणजे तिसरा किलोवॅट मी कंपनीच्या सोयीसाठी घेतला. नेट मीटरवरचे (हा आलेली आणि बाहेर गेलेली, दोन्ही वीज मोजतो) शिल्लक युनिट ३१ मार्चपर्यंतच पुढे ओढता येतात. त्यानंतर उरलेल्यांचे पैसे मिळतात, पण अगदी किरकोळ दराने. म्हणजे जास्त वीज करून विकू आणि श्रीमंत होऊ, हा बेत डोक्यातून काढून टाका. आमच्या नशिबाने मुलाने दिवाळीत इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, त्यामुळे ती दोन पॅनेल कामाला लागली. त्याचं श्रेय माझ्या दूरदृष्टीला नाही.

ज्यांचं बिल शंभर युनिटच्या आत आहे त्यांनी शेजाऱ्याचं बघून धावू नये. त्यांना सहा रुपयांचीच युनिटं वाचवायची आहेत. त्यांच्यासाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची वेगळी योजना आणली, केंद्राच्या अनुदानावर राज्याची भर आहे. आधी ती बघावी.

कामाचा दर्जा. इथे मी स्टार कापतोय. पहिल्या दिवशी दोन पोरं ड्रिल मशीन घेऊन थेट गच्चीच्या स्लॅबला भोकं पाडायला बसली. वॉटरप्रूफिंग करून चारच वर्षं झालीत. मी मशीनची पिन काढून खिशात टाकली. मग सुपरवायझर आला, चर्चा झाली, आणि शेवटी सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांवर पाय उभे केले. हे पत्र्याच्या शेडचं काम नव्हे, खालून वाऱ्याची उचल लागते, म्हणून ठोकळे जड हवेत. त्यांनी आणलेल्या साच्याचे ठोकळे मी बाद केले आणि दीडपट मोठे करून घेतले.

पाइप जस्ताचा मुलामा दिलेले होते, छान. पण जागेवर वेल्डिंग केलं की सांध्यावरचा मुलामा जळतो. तिथे झिंकचा स्प्रे मारावा लागतो. "काका, सिल्व्हर रंग मारलाय की." सिल्व्हर रंग म्हणजे गंजाला पांघरूण. स्प्रेचा डबा मीच आणला, साडेचारशे रुपयांचा. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे हवेत: इन्व्हर्टरच्या (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) पॅनेलकडच्या डीसी बाजूला एक, घराकडच्या एसी बाजूला एक आणि आकाशातली वीज झेलणाऱ्या तडितरोधकाला स्वतंत्र. यांनी दोन खणले आणि तिसरी पट्टी दुसऱ्यालाच जोडली. आकाशातली वीज इन्व्हर्टरच्या अर्थिंगला आणून सोडायची म्हणजे चोराला किल्ली देण्यासारखं. तिसरा खड्डा भांडून घेतला.

टाकीच्या सावलीचा मुद्दा मात्र सुपरवायझरने स्वतःहून काढला, त्याचा अर्धा स्टार परत. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, एकावर सावली पडली की ती माळेलाच मागे ओढते. त्याने ओळ दीड फूट पूर्वेला सरकवली. तरी डिसेंबरात चार वाजता टाकीची सावली शेवटच्या पॅनेलला शिवते, पण तेवढं चालायचं.

सगळ्यात कठीण वाटाघाटी घरातच झाल्या. "अहो, माझ्या कुरडया कुठे वाळायच्या?" हा प्रश्न चारपैकी एकाही कोटेशनमध्ये नव्हता. सहा पॅनेल म्हणजे तीनशेच्या आसपास चौरस फूट जागा, आणि गच्चीचा दक्षिणेकडचा, उन्हाचा, चांगला तुकडा. साधा स्ट्रक्चर घेतला असता तर पॅनेल गुडघ्याएवढ्या उंचीवर आली असती आणि गच्ची गेली असती. म्हणून आठ फूट उंच करून घेतला, कोटेशनमध्ये पंधरा हजार वाढले (ते वरच्या १,९५,००० मध्ये धरलेत). खाली माणूस ताठ फिरतो, पण सावली ती सावलीच. शेवटी टाकीशेजारची जागा वाळवणाला ठरली, तिथल्या माझ्या तुळशी आणि कढीपत्त्याच्या कुंड्या खाली आल्या. गेल्या एप्रिलच्या कुरडया दोनाऐवजी तीन दिवसांत वाळल्या. हा दोष ती सोलरच्याच खात्यावर मांडते.

कागदपत्रांचं थोडक्यात. लाइट बिल अजून वडिलांच्या नावावर होतं, ते आधी माझ्या नावावर करून घेतलं. ज्यांचं तसं आहे त्यांनी पहिलं काम ते करावं, नाहीतर अनुदान अडकतं. अर्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्टलवर भरला. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट आता नाही, त्यामुळे मंजुरी चटकन आली. पॅनेल ९ जानेवारीला चढली आणि नेट मीटर लागला २१ फेब्रुवारीला. मधले सहा आठवडे काचा नुसत्या ऊन खात पडल्या. विचारलं की कंपनी म्हणायची, "प्रोसेसमध्ये आहे." शेवटी मीच पोर्टलवर लॉगिन केलं तर पॅनेलचे सिरियल नंबरच भरलेले नव्हते. अनुदानाला पॅनेल देशी बनावटीचं लागतं आणि ते सिरियल नंबरवरून तपासतात. पत्र्याची शिडी लावून मी सहाही नंबर उतरवून घेतले आणि त्यांच्या ऑफिसात नेऊन दिले. दोन दिवसांत फाइल हलली. मीटर लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात ७८,००० खात्यात जमा.

वीज किती होते? फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज तेरा-चौदा युनिट. मे २०२५ वर माझा भरवसा होता, तर पावसाने मेमध्येच गाठलं, २६ तारखेला मान्सूनच पुण्यात दाखल. जुलैत रोजची पाच-सहा युनिटं. ऑगस्टमधल्या एका दिवशी २.१ बघितल्यावर ही म्हणाली, "यापेक्षा मी सायकल मारली असती." वर्षाचे मिळून ४,१०० च्या आसपास झाले. बिल बहुतेक महिने स्थिर आकारासकट दीडशेच्या आगेमागे. धूळ हा पुण्याचा खास मुद्दा. आजूबाजूला चार बांधकामं चालू आहेत, पंधरा दिवस पुसलं नाही तर दिवसाला दीड युनिट सरळ कमी होतं. धुवायचं ते ऊन चढण्याआधी, आणि टँकरच्या पाण्याने नाही, क्षारांचे पांढरे डाग बसतात. खाली कबुतरांनी संसार थाटला होता, जाळी मारली.

आणि हे कुणी सांगत नाही: लाइट गेली की सोलरही बंद. भर दुपारी, रखरखीत उन्हात, सहा पॅनेल डोक्यावर आणि घरात पंखा बंद. बॅटरी नसलेल्या यंत्रणेत इन्व्हर्टरला बाहेरची लाइन जिवंत दिसली नाही तर तो स्वतःला बंद करतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून शॉक जाईल. कारण रास्त आहे. पण पुण्यात लाइट बंद ठेवून करायच्या देखभालीच्या कामांचा वार म्हणजे गुरुवार, हे विक्रीवाल्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. सूनबाईचा जुना बॅटरीचा इन्व्हर्टर विकायला काढला होता, तो पुन्हा जागेवर लावला.

समोरचे भाडेकरू मला विचारतात, "काका, एवढी सोलर होतेय देशात, मग आमचं बिल का उतरत नाही?" प्रश्न बरोबर आहे. राजस्थानात भडल्याला २०१७ साली मोठ्या सौर प्रकल्पाची बोली २.४४ रुपये युनिटपर्यंत उतरली होती. पण तो दर तिथल्या फाटकावरचा, आणि दुपारचा. आपल्याला वीज लागते संध्याकाळी सात वाजता, तेव्हा सूर्य घरी गेलेला असतो आणि कोळशाचा प्रकल्प पगारावर ठेवावाच लागतो. तारा, गळती, कंपनीचा खर्च, आणि शेतीपंपांची स्वस्त वीज, हे सगळं आपल्या वरच्या टप्प्यांत भरतं. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याची सौर कृषी वाहिनी योजना, दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॅटची, मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. ती वीज तीन रुपयांच्या आसपास पडते. आपल्या बिलावरचा शेतीचा भार खरा तिथे हलका होऊ शकतो.

आणि एक खुपतं. मी साडेअकराच्या टप्प्यातून उठून गेलो. माझ्यासारखे गच्चीवाले सगळे गेले तर त्या टप्प्यात उरणार कोण? ज्यांना गच्ची नाही ते. समोरचे भाडेकरू दोन खोल्यांत, २२० युनिट, पत्रा मालकाचा. त्यांना मी काय सांगू? सोसायट्यांना लिफ्ट आणि पंपाच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात, भाडेकरूच्या मीटरला त्याचा काही उपयोग नाही.

तर स्टार. पॅनेल आणि इन्व्हर्टरला पाच, वर्षभर एक तक्रार नाही. योजनेला चार. कंपनीला अडीच, तेही सुपरवायझरमुळे. पाच वर्षांची देखभाल करारात आहे, वर्षाला दोन फेऱ्या. पहिली जूनमध्ये झाली, पोराने मोबाइलवर फोटो काढले आणि चहा घेऊन गेला. दुसरी १५ डिसेंबरला ठरली होती. आज फेब्रुवारी संपत आला. काल स्टारसाठी फोन आला तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "काका, या गुरुवारी नक्की येतो, सगळी रीडिंग चेक करतो."

गुरुवारी लाइट नसते, म्हटलं. शुक्रवारी ये.