काडतुसांची ‘जादा परवानगी’ विकणाऱ्यापासून सावध राहा

चेक-इन काउंटरच्या काट्यावर आमच्या काडतुसांच्या पेटीचं वजन ६.९ किलो आलं तेव्हाही मी निश्चिंत होतो. माझ्या हातात एअरलाइनच्या लेटरहेडवरचं पत्र होतं. त्यावर माझं नाव, फ्लाइट नंबर, दोन्ही रायफलींचे सीरियल नंबर आणि ‘१२ किलोपर्यंत काडतुसं नेण्यास विशेष परवानगी’ असं ठळक अक्षरांत छापलेलं. काउंटरवरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं, काही न बोलता आत गेल्या आणि सुपरवायझरला घेऊन आल्या. त्याने एकच प्रश्न विचारला, “हे तुम्हाला कोणी दिलं?” मी एजंटचं नाव सांगितलं. थोड्याच वेळात विमानतळावरचे दोन पोलीस येऊन माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले.

पत्र खोटं होतं. आणि ते माझ्या हातात होतं, म्हणून पहिला संशय माझ्यावर आला.

मी अमेरिकेत राहतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ बंदच झाली, त्यामुळे हा विषय आपल्याकडच्या पुष्कळांना परका वाटेल, काहींना पटणारही नाही. तो वाद आज नको. पण इथे राहणारे आपल्यातले काही जण रीतसर लायसन्स काढून शिकारीला जातात आणि त्यातल्या काहींना एकदा तरी आफ्रिकेला जायचं असतं. अशा माणसांवर टपून बसलेले लोक आहेत. त्यातल्या एकाने मला कसं गाठलं, ते सविस्तर सांगतो.

मी आणि माझा मेव्हणा, आम्ही दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांतातल्या एका फार्मवर जाणार होतो. मला कुडू आणि इम्पाला ही तिथली हरणं, त्याला केप बफेलो, म्हणजे आफ्रिकेतली रानम्हैस. माझी रायफल .३०-०६ची, त्याची .३७५ एच अँड एच, कारण बफेलोसाठी बहुतेक जण त्याहून लहान कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, सुचवत नाहीत. फार्मवरचा आउटफिटर, म्हणजे शिकारीची सगळी सोय करून देणारा, चांगला माणूस, त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. चूक माझी झाली ती अशी, की कागदपत्रांबद्दलचा प्रश्न मी त्याला न विचारता शिकाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारला. तासाभरात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, “मी फायरआर्म परमिटचंच काम करतो.”

या माणसाने मला सुरुवातीला जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं, हे नीट लक्षात घ्या. दक्षिण आफ्रिकेत बंदूक तात्पुरती आणायला तिथल्या पोलिसांचा एसएपीएस ५२० हा फॉर्म लागतो, खरं. आउटफिटरचं निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट, पासपोर्टची प्रत लागते, खरं. अमेरिकेतून निघताना बंदूक प्रत्यक्ष कस्टम्सच्या अधिकाऱ्याला दाखवून ४४५७ नंबरच्या फॉर्मवर शिक्का घ्यावा लागतो, आणि तिकडे तोच मालकीचा पुरावा म्हणून धरतात, हेही खरं. त्या फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात छापलेली तारीख ही फक्त छापील फॉर्मची मुदत असते, पण ती उलटून गेलेली दिसली म्हणून पूर्वी काही शिकारी जोहान्सबर्गला अडकले होते. तेही त्यानेच मला सांगितलं. इतकं बारीक माहीत असलेला माणूस फसवेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

मग गाडी काडतुसांवर आली. इथे तीन वेगवेगळे नियम लागू होतात. अमेरिकेतून शिकारीसाठी स्वतःच्या वापरापुरती १००० काडतुसं बाहेर नेण्याची मुभा आहे. दक्षिण आफ्रिकेत दर बंदुकीमागे २०० काडतुसं चालतात, आणि तीही आणलेल्या बंदुकीच्याच कॅलिबरची. विमानात मात्र माणशी ५ किलो, डब्यासकट, स्वतःच्या वापरासाठी, चेक-इन सामानातच. तिन्ही नियम खरे आहेत आणि त्यातला जो सर्वांत लहान, तो तुम्हाला आधी अडवतो. हा ५ किलोंचा आकडा कुठल्या एका कंपनीने ठरवलेला नाही. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय हवाई नियमांतला तो आकडा आहे. कंपनी त्याहून कमी ठरवू शकते, काडतुसं अजिबात नेणार नाही असंही म्हणू शकते, पण ५ किलोंच्या वर जाण्याची सूट ती कोणाला देऊ शकत नाही. काउंटरवरच्या माणसाला ती देता येत नाही, त्याच्या साहेबालाही नाही.

एजंटने मला पहिले दोन आकडे सांगितले आणि तिसरा वेगळ्या तऱ्हेने मांडला. तो म्हणाला, “तुमची काडतुसं आणि मेव्हण्यांची काडतुसं एकाच पेटीत, एकाच नावावर न्या, तिकडे एकच पेटी मोजली जाते, काम लवकर होतं. फक्त वजन ५च्या वर जाईल, म्हणून एअरलाइनची जादा परवानगी काढावी लागेल. ती मी काढतो.”

आज हे वाक्य लिहिताना राग येतो. माझी १०० काडतुसं, म्हणजे वीसचे पाच डबे, साधारण २.९ किलो. मेव्हण्याची ८०, चार डबे, ३.८ किलो, कारण .३७५चं एकेक काडतूस चाळीस ग्रॅमच्या वरचं असतं. दोघांनी आपापली वेगळी नेली असती तर दोघंही नियमात बसत होतो. कसलीच परवानगी कमी पडत नव्हती. उलट दोन प्रवाशांचा कोटा एकत्र करून एका पेटीत न्यायला स्पष्ट मनाई आहे. म्हणजे अडचण त्यानेच तयार केली आणि मग तिच्यावरचं औषध मला विकलं.

पैसे असे गेले. एसएपीएस ५२०च्या आगाऊ मंजुरीसाठी १८० डॉलर. काडतुसांच्या ‘कोटावाढी’चे ३४०. आणि जोहान्सबर्गला उतरल्यावर त्याचा माणूस भेटून सगळं करून देईल, त्याचं डिपॉझिट २००, परत मिळणारं. एकूण ७२० डॉलर, सगळे बँकेतून थेट ट्रान्सफर. कार्ड चालत नाही म्हणाला. आगाऊ मंजुरीची कामं प्रामाणिकपणे करणारे लोक आहेत, अनेक शिकारी त्यांची मदत घेतात, म्हणून पहिल्या रकमेबद्दल मला शंकाच आली नाही. चार दिवसांनी पीडीएफमध्ये ते पत्र आलं, आणि सोबत एक ‘मंजुरी क्रमांक’.

निघायच्या दोन दिवस आधी त्याचा आणखी एक मेसेज आला. त्याच्या एका क्लायंटची रायफल पुढे गेली आहे, काडतुसं राहिली आहेत, तर ९.३×६२चे दोन डबे तुमच्या पेटीत टाका, तुमच्याकडे परवानगी आहेच. मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. मनात आलं, माणूस आपलं एवढं काम करतोय, दोन डब्यांचं काय! मेव्हणा तिथेच बसला होता. तो म्हणाला, “दाजी, आपल्याकडे त्या कॅलिबरची बंदूक नाही. विचारलं तर काय सांगणार?” मी नकार कळवला. त्या क्षणापासून एजंटची उत्तरं तुटक यायला लागली.

या मेव्हण्याचे उपकार मी विसरणार नाही. ते दोन डबे पेटीत असते तर विमानतळावर आणि त्याहूनही जास्त जोहान्सबर्गला काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. दुसऱ्याचं काडतूस, ओळखीच्याचं असो, भावाचं असो, आपल्या सामानात कधीही घेऊ नका.

काउंटरवर परत येतो. पोलिसांनी मला बाजूला घेतलं आणि विचारपूस सुरू केली. पत्र कुठून आलं, पैसे कोणाला दिले, त्या माणसाला कधी भेटलात. मी मोबाइलवरचे मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवले. तेवढ्यात सुपरवायझरने एजंटच्या नंबरवर फोन लावला, तो बंद. चाळीस मिनिटं गेली. माझा घसा कोरडा पडला होता आणि सारखं वाटत होतं, की मागच्या रांगेतले सगळे आपल्याकडेच बघताहेत. आपण काहीही गुन्हा केलेला नसताना बंदुकीच्या पेटीशेजारी पोलिसांसोबत उभं राहणं काय असतं, ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

शेवटी त्यांची खात्री पटली. पत्र त्यांनी ठेवून घेतलं. सुपरवायझर भला माणूस निघाला. त्यानेच सांगितलं, की मेव्हण्याची काडतुसं वेगळ्या, कडक, कुलूपबंद पेटीत त्याच्या नावावर द्या, मग माझी काही हरकत नाही. आमच्याकडे दुसरी पेटी नव्हती. मेव्हण्याने तिथेच जमिनीवर बसून आपल्या दुर्बिणीची कडक पेटी उघडली, दुर्बीण गळ्यात घातली, आतला फोम उपसून काढला आणि चारही डबे एकेक करून आत बसवले. सूटकेसचं कुलूप काढून त्या पेटीला लावलं. काट्यावर ठेवली, ४.७. त्याचे हात थरथरत होते. माझी पेटी त्यानंतर ठेवली, तीही सरळ पुढे गेली. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा सगळे विमानात बसले होते.

जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळावर आमची वाट बघत कोणीही नव्हतं. बंदुकांच्या पोलीस कक्षात मी मंजुरी क्रमांक दिला, तो त्यांच्या यादीतच नव्हता. एजंटने आमच्याकडून आधीच सह्या करवून घेतलेले फॉर्मही कामाचे नव्हते, कारण सही तिथल्या अधिकाऱ्यासमोर करायची असते. अधिकाऱ्याने कोरे फॉर्म पुढे केले, काळ्या शाईने भरायला सांगितले. रायफलींवरचे सीरियल नंबर ४४५७शी ताडून पाहिले, डबे उघडून काडतुसं मोजली, दोन्ही परमिट लिहून दिली. अडीच तास लागले. फी किती, म्हणून मी पाकीट काढलं, तर तो म्हणाला, फी नसते. ज्या कागदासाठी मी १८० डॉलर मोजले, तो रांगेत उभं राहणाऱ्याला फुकट मिळतो.

४४५७चा शिक्का मात्र मी स्वतः कस्टम्सच्या ऑफिसात दोन्ही रायफली नेऊन घेतला होता. एजंट म्हणत होता, नुसते नंबर पाठवा, मी मारून आणतो. तेवढं मी ऐकलं नाही, म्हणून निदान ती ट्रिप झाली. बाहेर आउटफिटर सकाळपासून गाडी घेऊन थांबला होता. सगळं ऐकून तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “तुम्ही मला एक फोन करायचा होता ना.” त्याचं खरं होतं. ज्याच्याकडे आपण पंधरवडा राहणार, ज्याच्याकडे दरवर्षी शिकारी येतात, त्याला हे सगळं तोंडपाठ असतं. आणि काडतुसांचं विचाराल, तर तो म्हणाला साठ पुरेत. आम्ही नेलेली निम्म्याहून जास्त परत आणली.

परत येतानाची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, तिचा एजंटशी संबंध नाही. आदल्या रात्री सामान भरताना सवयीने जॅकेटचे खिसे चाचपले, तर आतल्या खिशात एक .३०-०६चं काडतूस निघालं. ते जॅकेट मी विमानात अंगात घालणार होतो. सिक्युरिटीच्या मशीनवर ते दिसलं असतं, तर इकडच्या पत्रापेक्षा मोठं प्रकरण झालं असतं. शिकारीची बॅग आणि जॅकेट दुसऱ्या प्रवासाला वापरूच नका. विशेषतः तीच बॅग घेऊन पुढे भारतात जाणार असाल तर अस्तर उलटं करून बघा. तिथे सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवतात.

पैसे परत मिळाले नाहीत. बँकेने सांगितलं, ट्रान्सफर तुम्ही स्वतः केलंत, आम्ही काही करू शकत नाही. कार्डने दिले असते तर निदान वाद घालता आला असता, आणि म्हणूनच त्याला कार्ड नको होतं. एफबीआयच्या इंटरनेट क्राइम कम्प्लेंट सेंटरकडे मी ऑनलाइन तक्रार केली आहे, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि ट्रान्सफरच्या पावत्या जोडल्या आहेत. त्याचा नंबर आता बंद आहे. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ग्रुपवर तो आजही असेल, याची मला खात्री वाटते.

सुपरवायझरकडून जाताना एक गोष्ट कळली, ती तुमच्या कामाची आहे. बंदूक आणि काडतुसं नेण्याची खरी परवानगी अशा पत्रावर येत नाही. तुम्ही एअरलाइनला आधी कळवलंत, की ती तुमच्या बुकिंगमध्येच नोंदली जाते आणि काउंटरवरच्या माणसाला स्क्रीनवर दिसते. मधे विमान बदलणार असाल तर त्या देशाचीही वेगळी परवानगी लागू शकते, विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नसाल तरीही, तेही तेव्हाच विचारून घ्या. आणि कोणाच्या मेलमध्ये असं ‘विशेष परवानगी’चं पत्र आधीच येऊन पडलं असेल, तर ते घेऊन विमानतळावर जाऊ नका. पत्रावरचा फोन नंबर वापरू नका. तिकिटावरच्या नंबरवर आजच फोन लावा, बुकिंग नंबर द्या आणि काडतुसांची नोंद झाली आहे का, एवढं विचारा.