सेमिस्टरचे शेवटचे चार आठवडे: एकेक विषय उरकावा की रोज सगळं थोडं थोडं?

बी.एस्सी.ला फिजिक्स आणि मॅथ्स बरोबर घेतलं की सेमिस्टरच्या शेवटी इतक्या वेगवेगळ्या प्रकारची कामं एकदम अंगावर येतात की सुरुवात कुठून करायची हे ठरवण्यातच वेळ जातो. फिजिक्सचं जर्नल सर्टिफाय करून घ्यायचं असतं, गणिताच्या प्रॅक्टिकलची वही अर्धी असते, इंटरनलच्या असाइनमेंट राहिलेल्या असतात, तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्टचा रिपोर्ट असतो. या सगळ्यानंतर थिअरीचे पेपर.

सिनियर्सना विचारलं तर दोन सल्ले मिळतात. पहिला असा: आधी सबमिशन उरक, मग फिजिक्स संपव, मग मॅथ्स घे, एक काम हातावेगळं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नको. याला आपण ‘गठ्ठा पद्धत’ म्हणू. दुसरा: रोज सगळ्याला वेळ दे, दिवसाचे तुकडे पाड आणि प्रत्येक विषय दररोज डोळ्यांखालून घाल. ही ‘वाटणी’. दोन्ही सल्ले देणारे पास झालेले असतात, त्यामुळे ऐकणारा गोंधळतो.

माझं मत आधीच सांगतो. प्रयोगशाळेचं आणि सबमिशनचं काम गठ्ठ्यानं करावं, गणित काही झालं तरी रोज करावं, आणि फिजिक्सच्या थिअरीचा क्रम गणिताकडे पाहून लावावा.

जर्नल: इथे गठ्ठा पद्धत सरळ जिंकते

जर्नल लिहिणं कंटाळवाणं असेल, पण ते अवघड नसतं. उद्देश, साहित्य, आकृती, सूत्र, ऑब्झर्व्हेशन टेबल, आकडेमोड, ग्राफ, निष्कर्ष हा साचा एकदा हातात बसला की तिसऱ्या प्रयोगापासून वेग येतो. लॉग टेबल किंवा कॅल्क्युलेटर, ग्राफ पेपर, पट्टी, टोकदार पेन्सिल एकदा टेबलावर मांडली की सलग चार प्रयोग फेअर करता येतात. तेच काम रोज अर्धा तास करायचं म्हटलं तर निम्मा वेळ पसारा मांडण्यात आणि ‘हे रीडिंग कुठल्या स्केलवरचं’ हे आठवण्यात जातो.

दुसरं कारण याहून मोठं आहे. जर्नल तुमच्या एकट्याच्या वेळेवर चालत नाही. बॅचच्या सरांची सही लागते, मग विभागप्रमुखांची, आणि बहुतेक कॉलेजांत सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. एखादं रीडिंग चुकलेलं निघालं तर रिपीट टर्न, म्हणजे प्रयोग पुन्हा करायची पाळी, मिळेपर्यंत थांबावं लागतं, आणि परीक्षेसाठी टेबलं मांडायला लागले की लॅब नेहमीच्या कामासाठी बंद होते. स्पेक्ट्रोमीटर असतात मोजके, आणि सोडियम लॅम्पला पूर्ण प्रकाश द्यायलाच काही मिनिटं लागतात. म्हणून जे काम दुसऱ्याच्या घड्याळावर अवलंबून आहे ते पहिल्या आठवड्यात गेलंच पाहिजे. पाठांतर रात्री दोन वाजताही होतं, सही मात्र विभाग उघडा असतानाच मिळते.

न्यूटन्स रिंग्जचं, म्हणजे भिंग आणि काचेमध्ये दिसणाऱ्या प्रकाशाच्या वलयांच्या प्रयोगाचं, उदाहरण घ्या. वलयांच्या व्यासांचा वर्ग आणि वलयाचा क्रमांक यांचा ग्राफ सरळ रेषा येतो आणि तिच्या उतारावरून तरंगलांबी काढतात. केंद्राजवळची वलयं पुसट असतात, त्यामुळे पहिल्या वलयाचा क्रमांक चुकला तरी काळजी नाही. सगळेच क्रमांक एकाच अंकानं सरकतात आणि उतार तोच राहतो. पण मोजताना मधलंच एखादं वलय निसटलं तर तिथून पुढचे बिंदू रेषेवरून बाजूला गेलेले दिसतात. हे त्याच दिवशी लॅबमध्ये रफ ग्राफ काढला तर कळतं. महिन्यानंतर घरी फेअर करताना कळलं तर हातात दोनच पर्याय उरतात: रिपीट टर्न किंवा खोटं रीडिंग. खोटं रीडिंग व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, दोन प्रश्नांत उघडं पडतं, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रयोग शिकायचा राहून जातो. तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्या प्रयोगांची निरीक्षणं नुसती चाळा, रफ ग्राफ काढा, कुठल्या प्रयोगाला रिपीट लागणार ते ठरवा आणि सरांना त्याच दिवशी विचारा. सुंदर अक्षरातलं लेखन नंतर.

वाटणीवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. एका बैठकीत दहा प्रयोग उतरवून काढले तर व्हायव्हात काहीच आठवत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रयोग लिहून झाला की पान मिटायच्या आत तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत मोठ्यानं म्हणायच्या: लीस्ट काउंट (उपकरणानं मोजता येणारं सर्वांत लहान माप) किती आणि तो कसा आला, सूत्रातली कुठली राशी सर्वांत जास्त त्रुटी आणते, आणि हाच प्रयोग का, दुसरा का नाही. स्पेक्ट्रोमीटरची मुख्य पट्टी अर्ध्या अंशाची आणि व्हर्नियरचे ३० भाग असतील तर लीस्ट काउंट एक मिनिट, हे पाठ असतं सगळ्यांना; अर्धा अंश म्हणजे ३० मिनिटं आणि त्याचे ३० भाग, हे ज्याला सांगता येतं तो पुढच्या प्रश्नाला अडत नाही.

गणित: गठ्ठ्यानं केलं की फसवतं

गणितात दोन वेगळी कामं आहेत, उदाहरणं आणि सिद्धता. दोन्हींचा स्वभाव वेगळा, म्हणून त्यांचा विचारही वेगवेगळा करायला हवा.

उदाहरणांबद्दल एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये कॉलेजच्या मुलांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका प्रकारची सगळी उदाहरणं संपवून मग दुसरा प्रकार घेतला, काहींनी चारही प्रकार मिसळून सोडवले. सराव करताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटलं: गठ्ठ्यानं करणारे २० टक्क्यांवर, मिसळून करणारे ६३ टक्क्यांवर.

आपल्या पेपरला हे अगदी लागू पडतं. डिफरन्शियल इक्वेशन्सचा धडा घ्या. पुस्तकात एक्झॅक्टची उदाहरणं एक्झॅक्टच्या मथळ्याखाली असतात, लिनिअरची लिनिअरखाली, बर्नुलीची बर्नुलीखाली. एका दुपारी वीस बर्नुली सोडवल्या की वाटतं, झालं, आलं. पण एकविसावी सोडवताना ती बर्नुली आहे हे तुम्हाला ओळखावं लागलेलं नसतं, मथळ्यानंच ते सांगितलेलं असतं. परीक्षेत प्रश्नावर नुसतं ‘सोडवा’ लिहिलेलं असतं आणि पद्धत ओळखणं हेच निम्मं काम असतं. इंटिग्रेशनचं तेच, सिरीजच्या कन्व्हर्जन्स टेस्टचंही तेच. रेशो टेस्ट कुठे निरुपयोगी ठरते हे कळायला ती चुकीच्या जागी लावून पाहावी लागते. म्हणून शेवटच्या चार आठवड्यांत धडावार उदाहरणं सोडवणं थांबवा. जुन्या प्रश्नपत्रिकांतून प्रश्न उचला आणि रोज पाच-सहा, वेगवेगळ्या धड्यांतले. पहिले काही दिवस वाईट जातील, उत्तरं चुकतील, मागे पडल्यासारखं वाटेल. वरचे आकडे त्या दिवसांसाठी लक्षात ठेवा.

सिद्धतेचं थोडं वेगळं. बोल्झानो-वायरस्ट्रास किंवा रँक-नलिटीचं प्रमेय पहिल्यांदा समजून घेताना सलग दीड-दोन तास हवेतच; अर्ध्या तासाच्या तुकड्यात ते तुटतं. इथे पहिल्या वाचनापुरती गठ्ठा पद्धत बरोबर आहे. पण त्यानंतर दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर ती सिद्धता न बघता लिहायची, आणि पुन्हा चार-पाच दिवसांनी. लिहिताना जिथे हात थांबतो ती ओळ महत्त्वाची. ग्रुप थिअरीतल्या लाग्रांजच्या प्रमेयात दोन कोसेट (सबग्रुपपासून पडणारे ग्रुपचे भाग) एकतर तेच असतात किंवा पूर्ण वेगळे, ही पायरी जवळजवळ सगळ्यांना आठवते. सगळ्या कोसेटमध्ये घटकांची संख्या सारखीच का, इथे हात थांबतो. ते कारण वहीच्या समासात आपल्या भाषेत एका ओळीत लिहून ठेवा. अशा ओळींचं एक पान परीक्षेच्या सकाळी अख्ख्या वहीपेक्षा जास्त कामाला येतं.

म्हणून गणिताला रोज दीड तास, रविवार धरून. जर्नलच्या आठवड्यातसुद्धा. यात मी तडजोड सुचवणार नाही.

फिजिक्सची थिअरी: गणिताला जोडून

हा मुद्दा क्वचितच कुणी सांगतं, आणि दोन्ही विषय घेतल्याचा खरा फायदा इथेच आहे. ज्या दिवशी गणितात स्थिर सहगुणकांचं दुसऱ्या ऑर्डरचं लिनिअर समीकरण कराल त्याच दिवशी फिजिक्समधलं डॅम्प्ड ऑसिलेशन करा. ऑक्झिलरी इक्वेशनची मुळं कॉम्प्लेक्स आली की अंडरडॅम्प्ड, समान आली की क्रिटिकल, वास्तव आणि वेगळी आली की ओव्हरडॅम्प्ड. तीन केसेस दोनदा पाठ करायची गरज उरत नाही, आणि सिरीज एलसीआर सर्किटही त्याच समीकरणावर बसतं. मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंबरोबर कपल्ड ऑसिलेटरचे नॉर्मल मोड घ्या. लाग्रांजच्या गुणकांबरोबर मॅक्सवेल-बोल्ट्झमन वितरणाची सिद्धता घ्या. तिथे कणसंख्या आणि ऊर्जा या दोन अटी आहेत, म्हणून गुणकही दोन.

अशी जोडी प्रत्येक धड्याला मिळत नाही. ग्रुप थिअरीला किंवा रिअल अ‍ॅनालिसिसला बी.एस्सी.च्या फिजिक्समध्ये सरळ जोडीदार नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरला गणितातून फारशी मदत होत नाही. ते आपापले वेगळे करा. पण जोडीचे धडे गठ्ठा पद्धतीत दोन आठवड्यांच्या अंतरानं येतात आणि वाटणीत कुठल्याही दिवशी, क्रमाशिवाय. दोन्ही पद्धती इथे हातचं सोडून देतात.

हाताने की संगणकावर?

जर्नल बहुतेक ठिकाणी हातानंच लागतं, तिथे निवड नाही. असाइनमेंटही हातानं लिहा, कारण पेपर हातानंच लिहायचा आहे आणि सिद्धता लिहिण्याचा वेग बोटांत असावा लागतो. सही झालेल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून विषयवार फोल्डरमध्ये ठेवा. वही हरवण्याची वेळ नेमकी सबमिशनच्या आठवड्यात येते.

खरी निवड प्रोजेक्ट रिपोर्टची. लेटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये समीकरणं सुंदर दिसतात, आणि मध्येच एक समीकरण घातलं तरी पुढचे सगळे क्रमांक आणि संदर्भ आपोआप बदलतात. वर्डमध्ये हे क्रमांक हातानं टाकले असतील तर गाईडनं एक परिच्छेद वर न्यायला सांगितला की रात्र जाते. पण लेटेक शिकायला वेळ लागतो, आणि एक कंस राहिला तरी फाइल अडून बसते. महिनाभर हातात असेल, समीकरणं भरपूर असतील आणि पुढे एम.एस्सी. करायचं असेल तर लेटेक घ्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमाचे लेटेकवरचे धडे फुकट आहेत. दहा दिवस उरले असतील तर वर्डच बरं, फक्त त्यातला इक्वेशन एडिटर वापरा, समीकरणांचे स्क्रीनशॉट चिकटवू नका.

तुमचा कल कुठे असावा

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एक विषय मेजर आणि दुसरा मायनर असेल तर वेळेची वाटणी क्रेडिट पाहून करा. फिजिक्स मेजर असेल तर लॅबचा गठ्ठा मोठा होतो, त्याला पहिला आठवडा पुरणार नाही, दहा दिवस धरा. मॅथ्स मेजर असेल तर रोजचा दीड तास अडीच करा आणि जर्नल चार दिवसांत संपवा. जुन्या पॅटर्नमध्ये, म्हणजे उदाहरणार्थ पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या, दोन क्रेडिटचा पेपर ५० गुणांचा आणि त्यातले १५ अंतर्गत मूल्यमापनाचे. एवढे गुण असाइनमेंट वेळेवर न दिल्यानं घालवायचे आणि मग ३५ मध्ये भरून काढायला धडपडायचं, हा सौदा तोट्याचा आहे.

आयआयटीची जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, द्यायची असेल तर पारडं आणखी वाटणीकडे झुकतं. ती फेब्रुवारीत असते, तीन तासांत ६० प्रश्न, १०० गुण, आणि प्रश्न कुठल्या धड्यातला हे कुणी सांगत नाही. हिवाळी सेमिस्टर संपल्यावर हाती जेमतेम दोन-अडीच महिने उरतात. विषय संपवून बाजूला टाकायची सवय असेल तर तेवढ्यात सगळं पुन्हा उघडावं लागतं.

एटीकेटीचा, म्हणजे आधीच्या सेमिस्टरचा राहिलेला, पेपर बरोबर असणाऱ्यांसाठी हिशेब थोडा बदलतो. राहिलेला पेपर गणिताचा असेल तर तो चालू सेमिस्टरच्या गणिताच्या दीड तासात घुसवू नका, त्याला सकाळचा वेगळा पाऊण तास द्या आणि त्यात निव्वळ जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. राहिलेला पेपर फिजिक्सचा असेल तर दोन पेपरांमधल्या सुट्टीवर विसंबू नका. वेळापत्रक लागल्यावर कळतं की तो चालू सेमिस्टरच्या पेपरला लागूनच आलाय. तो पहिल्या दोन आठवड्यांत, जर्नलच्या गठ्ठ्याबरोबर संध्याकाळी करून ठेवा, आणि प्रॅक्टिकलही राहिलं असेल तर त्या वर्षीचं सर्टिफाइड जर्नल कपाटातून आजच शोधून काढा.