जुनी मारुती ८००, लांबलेला सेल्फ आणि कार्बोरेटर किटमधले एक रबर

कार्बोरेटरचे (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) रिपेअर किट बसवल्याला आता एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटला आहे. या काळात किटविषयीचे माझे मत दोनदा बदलले, त्यामुळे बसवल्याच्या आठवड्यात घाईने न लिहिता आता सविस्तर लिहीत आहे. गाडी १९९० च्या दशकातली कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. ती बेळगावात टिळकवाडीत उघड्यावर उभी असते आणि आठवड्यातून एखाद्या वेळी खानापूर किंवा निपाणीकडे जाते. ही गाडी ज्यांनी सांभाळली आहे त्यांना तिची बाकीची माहिती नव्याने सांगायची गरज नाही.

तक्रार अशी होती की गाडी रोज बाहेर काढली तर चोक ओढताच सुरू होई, पण तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारावा लागे. ‘थंडीत जुन्या गाड्या अशाच वागतात’ हे उत्तर मला पटत नव्हते, कारण डिसेंबरातल्या गार सकाळीही आदल्या रात्री चालवलेली गाडी लगेच सुरू होत असे. तरीही उद्यमबागेकडच्या एका मेस्त्रींनी प्लग आणि पॉइंट बदलले. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मि.मी.मध्ये बसवला, ठिणगी निळी आणि जोरकस पडू लागली, पण मूळ त्रास तसाच राहिला. दुसऱ्यांनी सरळ नवा कार्बोरेटर घ्यायला सांगितले. नव्या कार्बोरेटरला हजारो रुपये मोजण्यापेक्षा काही शेकड्यांचे किट बसवून पाहावे, असे मी ठरवले.

पहिले दोन-तीन महिने मी या किटची सर्वांकडे स्तुती केली. निडल व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल गरजेपुरते अडवणारी सुई) नवा झाल्याने पेट्रोलचा वास थांबला, पॅकिंग बदलल्याने हवा ओढणे बंद झाले, आयडल स्थिर झाले आणि रेल्वे ओव्हरब्रिजच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गचके देईनाशी झाली. मात्र पावसाळ्यात गाडी बरेच दिवस जागेवर राहिली आणि सेल्फची जुनी तक्रार जशीच्या तशी परत आली.

तेव्हा एअर क्लीनरचे झाकण काढून मी साधी तपासणी केली. इंजिन बंद असताना कार्बोरेटरच्या तोंडात पाहत ॲक्सिलरेटर दाबला की आत पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. आदल्या दिवशी चालवलेल्या गाडीत ती दिसत असे, चार दिवस उभ्या गाडीत दिसत नसे. याचा अर्थ फ्लोटच्या वाटीतले (कार्बोरेटरमध्ये साठून राहणारे थोडेसे) पेट्रोल उडून गेलेले होते. गरम इंजिनावर बसलेल्या कार्बोरेटरमध्ये हे थोडेफार होणारच, आणि पाइपमध्ये पेट्रोल उभे असेल तर वाटी काही सेकंदांत पुन्हा भरते. पण एसी पंपातला (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या, इंजिनावर चालणाऱ्या पंपातला) व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर पाइपमधले पेट्रोल मागे टाकीकडे उतरते आणि ते एवढ्या लांबून पुन्हा ओढून आणण्यात बॅटरीचा जीव जातो. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची मुख्य वायर काढून सुरक्षितपणे बाजूला अर्थ केली, पंपाकडून येणारा पाइप बाटलीत सोडला आणि सेल्फ मारला, तेव्हा बराच वेळ बाटली कोरडी राहिली. त्यानंतर कुठे ठोक्याठोक्याने पेट्रोल येऊ लागले. हे करताना जवळ कोणी विडी-सिगारेट पेटवणार नाही याची काळजी अवश्य घ्यावी.

नवा एसी पंप बसवल्यावर उभ्या गाडीचा त्रास संपला. विजेवर चालणारा पंप लावण्याचा सल्लाही मिळाला होता, परंतु इंजेक्शनच्या गाडीचा पंप सुमारे ३ बार दाब देतो आणि कार्बोरेटरच्या निडल व्हॉल्व्हला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच दाब सोसतो, म्हणून तो विचार मी सोडला.

येथे किटला पूर्ण गुण देऊन लेख संपवता आला असता, परंतु जानेवारीत किटमधल्या ॲक्सिलरेटर पंपाच्या (पाय दाबताच ती धार सोडणाऱ्या, कार्बोरेटरमधल्याच छोट्या पंपाच्या) रबराने दगा दिला. वाटी भरलेली असूनही धार नुसती ठिबकू लागली, थंड इंजिन दोनदा खोकून बंद पडू लागले आणि पाय दाबताच गाडी क्षणभर दम तोडू लागली. कार्बोरेटर उघडल्यावर ते रबर फुगून मऊ पडलेले दिसले. त्याच्या शेजारी मी जपून ठेवलेले जुने, मूळ रबर ठेवले. ते कडक झाले होते, पण त्याचा आकार शाबूत होता. इतकी वर्षे टिकलेल्या भागाच्या जागी काही महिन्यांत निकामी होणारा भाग विकणे मला अतिशय अयोग्य वाटते. दुकानदाराने ‘काका, रबराला गॅरंटी नसते’ एवढेच सांगून किट परत घेण्यास नकार दिला. पाकिटावर ना रबराचा प्रकार लिहिलेला आहे, ना ते इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालते की नाही याचा उल्लेख आहे.

हा उल्लेख का हवा, हे आपल्या भागात वेगळे समजावण्याची गरज नसावी. चिकोडी, अथणी, रायबागच्या उसापासून इथेनॉल बनते, शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, आणि त्याला माझा विरोध नाही. पण २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला जळण्यासाठी साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. शिवाय इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागत असल्याने थंड सुरुवात अधिकच अवघड होते. अशा वेळी पहिल्या ठोक्याला ॲक्सिलरेटर पंपाची भरघोस धार मिळाली नाही, तर चोक एकटा पुरा पडत नाही. म्हणूनच सगळ्या किटमधल्या या एका रबरावर मी एवढे लिहीत आहे.

सध्या कोल्हापुरातून मागवलेले फ्लुरोकार्बन रबर बसवले आहे. ते किटमधल्या साध्या रबरापेक्षा बरेच महाग पडले, तरी अजून फुगलेले नाही. चोर्ला घाट चढून आल्यावर चहाला पंधरा मिनिटे थांबले की गाडी अजूनही जड सुरू होते, पण तो प्रकार निराळा आहे: उष्णतेने वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात उतरते, म्हणून चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. किट घ्यायचेच असेल तर निडल व्हॉल्व्ह आणि पॅकिंगसाठी घ्यावे, ॲक्सिलरेटर पंपाचे रबर मात्र वेगळे मागावे, आणि त्याआधी एसी पंपाखाली बाटली धरून पाहावी.