‘तीन टप्प्यांचे पॉलिश’ सांगून एकाच लोकरी पॅडने गाडी घासली : १८,५०० रुपयांची फसवणूक

पुण्याच्या उपनगरातील एका डिटेलिंग स्टुडिओने, म्हणजे गाड्यांना पॉलिश-कोटिंग करून देणाऱ्या दुकानाने, ‘तीन टप्प्यांचे पेंट करेक्शन (रंगावरचे ओरखडे घासून काढणे) आणि सिरॅमिक कोटिंग (वरून संरक्षक थर)’ या नावाखाली माझ्याकडून १८,५०० रुपये घेतले आणि माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जाळून ठेवला. त्यांपैकी ८,००० रुपये मी आगाऊ यूपीआयने भरले होते. उरलेले १०,५०० रोख मागण्यात आले आणि ‘बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो’ असे सांगण्यात आले. ते बिल आजवर आलेले नाही. रोखीची आणि बिलाची ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. मला लिहायचे आहे ते पॅड आणि कंपाउंड (ओरखडे घासून काढणारे जाड पॉलिश) यांच्या जोडीविषयी, कारण खरी लबाडी तिथे झाली.

ठरलेले काम असे होते : आधी कटिंग पॅड आणि जाड कंपाउंडने ओरखडे काढायचे, मग मध्यम फोम पॅडवर मध्यम पॉलिश आणि शेवटी मऊ फोम पॅडवर फिनिशिंग पॉलिश. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याने सोडलेल्या खुणा पुसत जातो, म्हणून पॅड आणि पॉलिश दोन्ही बदलावे लागतात. रोटरी, म्हणजे गरगर फिरणाऱ्या पॉलिश मशीनवरचा लोकरी पॅड भराभर कापतो खरा, पण मागे गोलाकार छटा सोडतो, ज्यांना होलोग्राम म्हणतात, आणि काळ्या रंगावर त्या फारच उठून दिसतात. जाड कंपाउंड मुरलेल्या पॅडवर कितीही उंची फिनिशिंग पॉलिश ओतले, तरी पॅडमधले जुने कण घासतच राहतात. हे सगळे त्या मालकाला पक्के ठाऊक होते, कारण पैसे घेण्यापूर्वी मला हे त्यानेच समजावले होते.

काम चालू असताना मी तिथे गेलो होतो आणि तो क्षण आठवला की आजही संताप होतो. बॉनेटवर एक मुलगा रोटरी चालवत होता, वाळलेल्या कंपाउंडने लोकरी पॅड कडक झाला होता आणि शेजारच्या स्टुलावर एकच बाटली व एकच पिवळा फोम पॅड होता. फिनिशिंगचे पॅड कुठे आहेत, असे मी स्पष्ट विचारले. मालक म्हणाला, “साहेब, हा पिवळा फिनिशिंगचाच. रंगावरून ओळखायचं असतं.” पॅडच्या रंगांचे सर्व कंपन्यांना लागू असे कोणतेही मानक नाही, हे मला नंतर कळले. रुपेसचा पिवळा पॅड बारीक कामासाठी असतो, तर लेक कंट्रीचा पिवळा जोरदार कटिंगसाठी. तो पॅड मी बोटाने दाबून पाहिला असता, तर त्याचा कडकपणा तिथेच कळला असता. पण कारागिराची हत्यारे गिऱ्हाइकाने तपासून घ्यावीत, अशी अपेक्षा कोणत्या धंद्यात असते? मी विचारले होते आणि मला तोंडावर खोटे सांगितले गेले.

गाडी ताब्यात दिली ती संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात. बॉनेटवर पाणी शिंपडून थेंब कसे गोळा होतात हे दाखवले आणि हेच सिरॅमिक असे सांगितले. थेंब साध्या वॅक्सवरही तसेच गोळा होतात. ओरखडे तात्पुरते बुजवणारे ग्लेझ आणि वॅक्स काही धुण्यांत निघून गेले आणि उन्हात सगळे बॉनेट होलोग्रामने भरलेले दिसले. दुसऱ्या एका डिटेलरने रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी मोजली, तेव्हा छतावर ११८ मायक्रॉन आणि बॉनेटच्या उभ्या रेषेवर ७१ भरले. क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो; कडांवर आणि रेषांवर पॅडचा दाब व उष्णता एकवटते आणि तिथेच तो आधी झिजून जातो. गेलेला क्लिअर कोट कोणत्याही पॉलिशने परत येत नाही. बॉनेट आणि एक दरवाजा रंगवायला १३,००० आणि उरलेली गाडी नीट करायला ९,०००, म्हणजे एकूण ४०,५०० रुपयांचा फटका.

कोटिंग लावण्यापूर्वी पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा आपल्यासमोर पुसायला लावा, म्हणजे ओरखडे लपवणारे ग्लेझ निघून जाईल, आणि टॉर्च मारून पाहा. टाळाटाळ झाली तर गाडी घेऊन निघा.

पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की हा दिवाणी वाद आहे, आणि एका कर्मचाऱ्याने तर ‘गाडी चमकतेय की’ असे म्हणून मला वाटेला लावले. सरकारी मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली; ती ‘व्यावसायिकाकडून प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. प्रतिसाद न देणाऱ्या माणसाविरुद्धच तर माझी तक्रार होती! पुन्हा फोन केला तेव्हा बिलाची प्रत मागितली. बिल न देणे हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्या खुर्चीवरच्या माणसाला मला वाचून दाखवावे लागले, आणि तरीही उत्तर एकच : बिल आणा. लुटणाऱ्याने पुरावा दिला नाही म्हणून लुटले गेलेल्यालाच परत पाठवायचे, तर ही कार्यालये कोणासाठी उघडली आहेत?

आगाऊ रक्कम कधीही रोख देऊ नका. माझ्याकडे आज जो काही आधार आहे तो त्या ८,००० च्या यूपीआय नोंदीचा आणि चॅटमधल्या ‘थ्री स्टेप’ या दोन शब्दांचा. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक पत्र्याची जाडी मोजून लिहून घ्या. कोणत्या टप्प्याला कोणता पॅड आणि कोणते पॉलिश, हे कंपनीच्या नावासह लेखी मागा. रंगाचे नाव पुरेसे नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझे कागद तयार आहेत. स्टुडिओला नोटीस गेली आहे, आणि तिच्यात आणखी एक मागणी घातली आहे : ट्यूबलाइटखाली काढलेला माझ्या बॉनेटचा फोटो त्यांनी आपल्या जाहिरातीतून काढून टाकावा. तो अजूनही तिथेच आहे.